मंदीचं ओझं कोणी उचलायचं?

(रोहे येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांपैकी एकाचा प्रश्न आणि त्याचं उत्तर जोडलं आहे.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा पेणहून एका स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, "तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत. मंदीत कंपन्यांनी माणसं कशी टिकवायची, हे तुम्ही काय सांगणार?" प्रश्न रास्त आहे. मी कारखाना चालवलेला नाही. कुणाला पगार वाटलेला नाही. पगार घेतला मात्र पस्तीस वर्षं, तोही महिन्याच्या महिन्याला, वर्गात मुलं असोत की नसोत. तेव्हा सुरक्षित नोकरी केलेल्या माणसाने इतरांच्या असुरक्षित नोकरीबद्दल बोलताना जरा जपून बोलावं, हे मला कळतं.

तरी बोलायला उभा राहिलो, त्याला कारण माझा एक जुना विद्यार्थी. इथे धाटावच्या एमआयडीसीत त्याचं छोटं युनिट आहे. केमिकल कंपन्यांना टाक्या, पाइपिंग, दुरुस्तीची कामं करून देतो. मोठ्या कंपन्यांनी हात आखडला की पहिला फटका अशा लोकांना बसतो. एका संध्याकाळी तो पेणला घरी आला. चहा घेतला आणि म्हणाला, "सर, साठ माणसं आहेत. काम एक-तृतीयांश कमी झालंय. वीस जणांना कमी करायचं म्हणतोय. हे चूक आहे का?"

मी म्हटलं, "चूक की बरोबर ते नंतर बघू. आधी वही काढ. हिशेब करू." त्या संध्याकाळी वहीवर जे मांडलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो. नीतीकडे आपण येऊच, पण हिशेबाच्या वाटेने येऊ.

शब्द नीट वापरू

आधी एक घोळ दूर करू. हल्ली आयटीतल्या मुलाची नोकरी गेली की आपण म्हणतो, त्याचा 'ले-ऑफ' झाला. आपल्या कायद्यात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. त्यात ले-ऑफ म्हणजे काम तात्पुरतं न देणं. माणूस मस्टरवर राहतो, नातं तुटत नाही. कच्चा माल नाही, वीज नाही, माल साठून पडलाय, अशा कारणांनी मालक काही दिवस काम देऊ शकत नाही. आणि माणसाला कायमचं कमी करणं म्हणजे कामगार कपात. ती वेगळी गोष्ट.

ले-ऑफची भरपाई कायद्यात आली १९५३ साली. त्या वर्षी कापड गिरण्यांत माल साठला होता आणि हजारो लोकांना घरी बसवण्याची वेळ आली होती. तेव्हा ठरलं की घरी बसवलेल्या दिवसांचे मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जे होतील त्याचे निम्मे पैसे कामगाराला द्यायचे. ज्यांचं रोह्याशी घरचं नातं, ते चिंतामणराव देशमुख त्या वेळी देशाचे अर्थमंत्री होते. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे. सरकारची आधी परवानगी घेण्याची अट पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला होती, ती आता तीनशेंना आहे. पण ले-ऑफची निम्म्या पगाराची चौकट तीच राहिली. ती पन्नास आणि त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्याला लागू होते.

मला यातलं 'निम्मे' हे महत्त्वाचं वाटतं. काम नाही, यात मालकाचा दोष नाही आणि कामगाराचाही नाही. मग नुकसान अर्धं अर्धं. सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या तरतुदीत न्यायाची एक साधी कल्पना आहे.

वहीवरचा हिशेब

आता वही. सोयीसाठी सगळ्यांना सारखा पगार धरला, महिना १८,००० रुपये. साठ जणांचे होतात १०,८०,०००. वीस माणसं कमी केली की महिन्याला ३,६०,००० वाचतात. विद्यार्थी म्हणाला, "बघा सर, एवढे तर हवेतच."

मी म्हटलं, थांब. कपात फुकट होत नाही. कायद्याने एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यायचा. शेवटी आलेला आधी जातो, असा नियम आहे, म्हणजे जाणारे वीसजण तुलनेने नवे. त्यांची सरासरी चार वर्षं नोकरी धरू. चार वर्षांचे दोन महिने झाले, म्हणजे ३६,०००. त्यात नोटिशीचे १८,०००. माणशी ५४,०००. वीस जणांचे १०,८०,०००. म्हणजे पहिले तीन महिने जे वाचेल, ते भरपाईतच जाईल. नव्या संहितेत कमी केलेल्या कामगारांसाठी पुनर्कौशल्य निधी आहे, त्यात माणशी आणखी १५ दिवसांचा पगार भरायचा. तो यात धरलेलाच नाही.

आता दुसरी वाट. कुणालाच काढायचं नाही. आठवड्याचे सहा दिवस काम असतं, ते चार दिवस करायचं. दोन दिवस ले-ऑफ, त्या दोन दिवसांचा निम्मा पगार. कामगाराच्या हातात १८,००० ऐवजी १५,००० येतील. त्याला झळ बसली, पण चूल पेटती राहिली. मालकाचे महिन्याला वाचले १,८०,०००.

दोन्ही शेजारी ठेवा. तीन महिन्यांनी कपातीच्या वाटेत बचत शून्य. काम वाटून घेतलं तर बचत ५,४०,०००, आणि साठच्या साठ माणसं जागेवर. सहा महिन्यांनी दोन्ही वाटा बरोबरीत येतात, दोन्हीकडे १०,८०,०००. मंदी सहा महिन्यांपेक्षा लांबली, तर कागदावर कपात स्वस्त पडते. हे मी लपवत नाही. पण कागदावर आणखी एक खर्च येत नाही. काम परत आलं की वीस नवे वेल्डर, फिटर शोधायचे. टाकीची सांध कुठे गळते, कुठल्या कंपनीत परमिट कसं काढायचं, आत उतरताना कुणी बाहेर उभं राहायचं, हे नव्या माणसाला शिकायला महिने लागतात. रसायनांच्या कामात असा नवखेपणा महागात पडतो, आणि तो नुसत्या पैशांत मोजता येत नाही.

एक सूचना. ले-ऑफ वर्षात ४५ दिवसांपुढे गेला की भरपाईचे नियम बदलतात. आठवड्याला दोन दिवस म्हणजे साधारण पाच महिने. तेव्हा हे आजारात दिलेल्या सलाइनसारखं आहे, कायमचं जेवण म्हणून चालणार नाही. आणि असा काही निर्णय करण्याआधी कामगार कायदा जाणणाऱ्या माणसाकडून आपला हिशेब तपासून घ्या. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकावर विसंबू नका.

इतरांनी काय केलं

जर्मनीने ही कल्पना देशभर चालवली आहे. काम कमी झालं की कंपनी तास कमी करते आणि गेलेल्या निव्वळ पगाराचा सुमारे ६० टक्के भाग, मुलंबाळं असतील तर ६७ टक्के, सरकारी बेकारी विमा भरून देतो. २००९ च्या मंदीत तिथलं उत्पादन पाच टक्क्यांहून जास्त घसरलं, चौदा लाखांवर कामगार अशा कमी तासांवर होते, आणि बेकारी फारशी वाढली नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये हाच आकडा साठ लाखांच्या आसपास गेला. आपल्याकडे तसा विमा नाही. कर्मचारी राज्य विम्यात, म्हणजे ईएसआयसीत, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, पण ती नोकरी गेल्यावर मिळते, नोकरी टिकवायला मिळत नाही. ही आपल्या धोरणातली मोठी उणीव आहे असं माझं मत आहे.

अमेरिकेत क्लीव्हलँडला लिंकन इलेक्ट्रिक नावाची वेल्डिंगची यंत्रं करणारी कंपनी आहे. तिचं जुन्या कामगारांना वचन असे की कामाअभावी काढणार नाही, आठवड्याला किमान तीस तास काम देऊ. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मोठी मंदी आली, तेव्हा तास कमी झाले, आणि कारखान्यातल्या काही कामगारांना कंपनीने चक्क विक्रीला पाठवलं. हे जमलं कसं? कारण तेजीत त्यांनी भराभर भरती केली नव्हती. काम वाढलं की ओव्हरटाइम करायचा, नफ्यातून मोठा बोनस वाटायचा. चांगल्या दिवसांत कामगाराला वाटा मिळालेला होता, म्हणून वाईट दिवसांत तो झळ सोसायला तयार झाला.

आता घरचं बघू. आमच्या पेणला, हमरापूरला, जोह्याला गणपतीचे कारखाने आहेत. गणपती वर्षातून एकदा. म्हणजे या धंद्याला दरवर्षीच मंदी ठरलेली. मग माणसं टिकतात कशी? गणपतीनंतर देवीच्या मूर्ती, मग पुढच्या वर्षाच्या कच्च्या मूर्ती. रंगकाम नंतर, मागणी बघून. कच्ची मूर्ती शिळी होत नाही. आखणी करणारा हात एकदा दुसऱ्या धंद्याला गेला तर परत मिळत नाही, हे कारखानदाराला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो माल साठवून का होईना, माणूस धरून ठेवतो.

या वाटेलाही मर्यादा आहे, आणि ती २०२० साली दिसली. मूर्ती कित्येक महिने आधी तयार होऊ लागतात. करोनामुळे जुलैमध्ये सरकारने सांगितलं, सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत, घरची दोन फुटांपर्यंत. ज्यांनी मोठ्या मूर्ती करून ठेवल्या होत्या त्यांचा माल आणि पैसा दोन्ही अडकले. माल साठवून माणूस टिकवायचा, तर त्या साठ्याला पैसा लागतो. तो बहुतेकदा कर्जाचा असतो. दुसरी एक गोष्ट: उचल देऊन माणूस धरून ठेवणं आपल्याकडे सर्रास चालतं. उचल म्हणजे आधार, पण ती फिटेस्तोवर बेडीही होते. माणूस टिकवणं आणि माणूस बांधून ठेवणं यात फरक आहे.

पायऱ्या

विद्यार्थ्याला मी क्रम लिहून दिला. कपात ही शेवटची पायरी. तिच्या आधीच्या पायऱ्या अशा.

आधी आकडे सांगायचे. ऑर्डरी किती आल्या, किती गेल्या, बँकेचा हप्ता किती, सगळं. अफवा मंदीपेक्षा लवकर माणूस पळवते, आणि चांगला माणूस आधी पळतो.

मग उधारीची वसुली. छोट्या कारखान्याची मंदी पुष्कळदा कामाची नसते, अडकलेल्या पैशाची असते. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मोठ्या खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत द्यायचे आहेत. विद्यार्थी म्हणाला, "सर, तक्रार केली तर पुढची ऑर्डर मिळणार नाही." बरोबर आहे. पण निदान मागायचं तरी, लेखी मागायचं.

मग मालकाचा स्वतःचा खर्च. नवी गाडी थांबवायची, घरखर्चाला उचलतो ते कमी करायचं. वरून सुरुवात झाली तर खालच्याला पटतं.

मग बाहेर दिलेली कामं आत आणायची. यंत्रांची देखभाल, शेडची रंगरंगोटी, साचलेली दुरुस्ती, प्रशिक्षण, सुरक्षेची तालीम. मोठ्या केमिकल कंपन्या वर्षाचा शटडाउन मंदीत अलीकडे ओढू शकतात. ते काम एरवी करावंच लागतं.

मग दिवस वाटून घेणं, वर सांगितलं तसं. ज्याला स्वतःहून जायचं असेल त्याला चांगल्या अटींवर जाऊ द्यायचं.

आणि एवढं करून नाहीच भागलं, तर कपात. पुढे भरती करताना आधी काढलेल्यांना बोलवायचं, ही तर कायद्याचीच अट आहे.

जोखीम कुणाची

आता माझ्या विषयाकडे येतो.

मालकाला नफा का मिळावा, या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर फ्रँक नाइट या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली दिलं. भांडवलाचं व्याज वेगळं, व्यवस्थापनाचा पगार वेगळा. नफा मिळतो तो अनिश्चितता अंगावर घेतल्याबद्दल. उद्या काय होईल माहीत नाही, तरी मालक कामगाराला म्हणतो, तू ठरलेला पगार घे, बाकीचं मी बघतो. जास्त आलं तर माझं, कमी पडलं तर माझं.

हे उत्तर मला मान्य आहे. पण मग त्याचा दुसरा अर्धा भागही मान्य करायला हवा. मंदी आल्याबरोबर पहिल्याच महिन्यात वीस जणांना दार दाखवलं, तर अनिश्चितता अंगावर घेतली कुणी? कामगाराने. आणि तेजीतला नफा नेला कुणी? ज्याने ती घेतलीच नाही त्याने. मग त्या नफ्याचं समर्थन कशाने करायचं? मालकापुढे दोन प्रामाणिक मार्ग आहेत. एकतर मंदीची झळ आधी आपण सोसावी. नाहीतर जोखीम वाटून घ्यायची असेल तर तेजीचा नफाही वाटावा, लिंकनवाल्यांसारखा. दोन्ही बाजूंनी आपलंच, हे तर्कात बसत नाही.

गांधीजींनी विश्वस्ताची कल्पना मांडली, आणि ती पुढे नेणारे विनोबा १८९५ साली जन्मले ते इथून जवळच, पेण तालुक्यातल्या गागोद्यात. पुष्कळांना ती कल्पना भाबडी वाटते. मला वाटतं तिला पासबुकाची जोड दिली तर ती भाबडी राहत नाही. आमच्या वहीतल्या कारखान्याने तेजीत पगाराच्या पाच टक्के, म्हणजे महिन्याला ५४,००० बाजूला टाकले, तर तीन वर्षांत १९,४४,००० होतात. ले-ऑफच्या काळात मालकाच्या वाट्याला महिन्याला १,८०,००० येतात, ते या पैशांत दहा महिने निघतात. म्हणजे मंदीत माणसं टिकवायची की नाही, हे तेजीत ठरतं. मंदीत ते फक्त दिसतं.

एक घरची गोष्ट सांगतो. माझे वडील मुंबईत एका इंजिनिअरिंग कारखान्यात होते. १९६६-६७ ला त्या धंद्यात मोठी मंदी आली. एका शनिवारी ते एसटीने पेणला आले ते परत गेलेच नाहीत. पुढे कधीतरी म्हणाले, फळ्यावर यादी लावली होती. नावं नव्हती, बिल्ल्यांचे नंबर होते. चौदा वर्षं ज्या फोरमनच्या हाताखाली काम केलं तो त्या दिवशी खाली आलाच नाही. पैसे कमी मिळाले याचं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. नंबरांचं मात्र दोन-तीनदा बोलले.

कांट म्हणतो, माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका. मी हे वाक्य शेकडो वेळा वर्गात समजावलं असेल. मला स्वतःला ते कळलं त्या फळ्यावरून. कपात करावीच लागली, तर मालकाने खाली यावं, नाव घेऊन सांगावं. याला एक रुपयाही खर्च नाही.

विद्यार्थ्याने काय केलं, तेही सांगतो. चार दिवसांचा आठवडा साडेचार महिने चालवला. दोघं स्वतःहून गेले. बाकीचे आहेत. काम बऱ्यापैकी परत आलं आहे.

प्रश्नोत्तर

मागच्या रांगेतून एका तरुणाने विचारलं: "सर, साठ जणांचा हिशेब छान झाला. पण मी ठेकेदाराकडे आहे. आमचं नाव मस्टरवरच नाय. मंदी आली का ठेकेदार फोन करतो, उद्या येऊ नको. त्या साठांत आम्ही होतो का?"

उत्तर: नव्हतात. खरं सांगायचं तर हा प्रश्न मला त्या संध्याकाळी सुचला नाही. विद्यार्थी साठ म्हणाला, मी साठ लिहिले. दोन महिन्यांनी सहज विचारलं तेव्हा कळलं, ठेकेदाराची चौदा माणसं पहिल्याच आठवड्यात बंद झाली होती. त्याने लपवलं नव्हतं. त्याच्याही डोक्यात ती माणसं 'खर्च' या रकान्यात होती, 'माणसं' या रकान्यात नव्हती. आणि कांट शिकवणाऱ्या माझ्याही नव्हती.

२०१९ साली वाहन उद्योगात मंदी आली, तेव्हा पुणे-चाकण भागात मोठ्या कंपन्यांनी ब्लॉक क्लोजर घेतले. कायम कामगार बरेचसे सावरले. कंत्राटी माणसं आणि छोटे पुरवठादार यांनी जास्त सोसलं. 'आम्ही एकालाही काढलं नाही' असं एखादी कंपनी म्हणते, तेव्हा तिला विचारावं, गेटमधून रोज आत येणारी माणसं किती होती आणि आता किती आहेत?

तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. एक सुरुवात सांगतो. हिशेबाच्या वहीत पहिला आकडा मस्टरचा लिहू नका, गेटचा लिहा. आमच्या वहीत साठ अधिक चौदा, म्हणजे चौऱ्याहत्तर लिहायला हवे होते. दिवस थोडे जास्त वाटावे लागले असते, प्रत्येकाच्या हातात थोडं कमी आलं असतं, आणि कायम कामगारांनाही ते पटवावं लागलं असतं, जे सोपं नाही. मी विद्यार्थ्याला हे सांगितलं आहे. त्या चौदांपैकी नऊ जणांना त्याने परत बोलावलं. पाचजण सापडले नाहीत.